पाचांतला एक : वामनदादांच्या एका गाण्याचा विचार

मराठी समीक्षेने कवितेला पाट मांडला, कथेला ताट वाढले, आत्मकथनाला तर मानाचे पान दिले. पण आपल्या गाण्याला तिने अजून ओटीवर घेतलेले नाही. गाणे अंगणातच उभे आहे. प्रस्थापित समीक्षेकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती. ज्या समाजाने माणसे अंगणात उभी केली, त्याच्या समीक्षेने त्या माणसांची गाणीही तेथेच उभी केली. नवल वाटते ते आपल्याच समीक्षेचे. 'गोलपिठा' १९७२ साली आला, 'बलुतं' १९७८ साली आले, आणि तेव्हापासून आपण नकार, विद्रोह, जाणीव या शब्दांची चिकित्सा करीत आलो. ती आवश्यकच होती. परंतु ज्या बापाने 'गोलपिठा' कधी हातात धरला नाही, ज्या आईला 'बलुतं' वाचता आले नाही, त्यांच्या मनात नकार कोणी पेरला? हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. त्याचे उत्तर बहुतेक घरांत एकच येईल : गाण्याने.

गाणे समाज जागा करते, सभेत चैतन्य आणते, हे आपण जयंतीच्या भाषणांत सांगतोच. मला येथे निराळी गोष्ट मांडायची आहे. आंबेडकरी गाण्याने माणसाला समूहात उभे केले, आणि त्याच वेळी त्याला एकट्याने निघण्याचे बळही दिले. घर, गाव, वतन, पुढाऱ्याची सावली यांतून उठून स्वतःच्या जबाबदारीवर वाट धरायला त्याने लावले. ही दोन कामे परस्परविरोधी वाटतात. ती एकाच गाण्यात कशी होतात, हे वामनदादा कर्डकांच्या एका गाण्यावरून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'निघणे' म्हणजे काय ते ठरवू. निघणे दोन प्रकारचे असते. पोट ढकलते म्हणून माणूस निघतो, आणि मन ठरवते म्हणून निघतो. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, ते पोटाने ढकललेले निघणे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेल्या त्यांच्या छक्कडीतला कामगार मुंबईत येतो, पण जीव गावी राहिलेल्या मैनेत अडकलेला असतो. छक्कड पुढे सरकते तशी ती मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचेही रूप घेते. मराठीतल्या श्रेष्ठ गीतांत त्या रचनेची गणना व्हावी, यात शंका नाही. पण तिच्यातले निघणे मागे वळून पाहणारे आहे. गाव सुटल्याचे दुःख तिच्या मुळाशी आहे.

आंबेडकरी गाण्यातले निघणे असे मागे पाहत नाही. त्याचे कारण चळवळीच्या इतिहासात आहे. महारांचे वतन म्हणजे नाव जमिनीचे आणि काम गुलामीचे. सांगावा पोचवा, मेलेले ढोर ओढा, मयतीची खबर घेऊन पायी परगावी जा, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागा. ही भाकरी 'हक्काची' म्हणायची, हा त्यातला क्रूर विनोद. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. मधली ३० वर्षे कायदा तेथेच होता. हलायचे होते ते माणसांना. वतन सोडणे म्हणजे हातातली भाकरी सोडून रिकाम्या हाताने उभे राहणे. येवल्याला १९३५ साली धर्मांतराची घोषणा झाली, १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत मुक्तीचा मार्ग कोणता याची सांगोपांग मांडणी झाली. पण तो विचार खेड्यातल्या निरक्षर माणसापर्यंत पोचवायचा कोणी? वर्तमानपत्र त्याच्या हातात येत नव्हते. आले तरी वाचता येत नव्हते.

तेथे जलसा गेला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातून उभा केलेला जलसा सत्यशोधक जलशाचा वारस होता. त्याने तमाशाचा ओळखीचा साचा घेतला आणि आतले सामान बदलले. देवाच्या स्तवनाच्या जागी बाबासाहेबांचे स्तवन आले, वगात राजाराणीच्या जागी वतन, शाळा, पाणवठा, सावकार आले. भीमरावांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांचे स्वरूप आणि कार्य सांगणारे पुस्तक लिहिले. आपल्या विद्यार्थ्यांनी ते मिळवून वाचले पाहिजे. त्यातून एक गोष्ट कळते. जलसेकार हे पगारी प्रचारक नव्हते. दिवसा कष्ट करून रात्री ढोलकी-तुणतुणे उचलणारी ती माणसे होती.

जलशाच्या गायनाची रीत येथे महत्त्वाची आहे. मुख्य गायक कडवे एकट्याने म्हणतो, झीलकरी ध्रुपद उचलतात. ऐकणारा माणूस पहिल्या दोन कडव्यांनंतर आपोआप झीलकरी होतो. तोवर तो समूहात असतो. परंतु खेळ संपतो, गॅसबत्ती विझते, माणूस अंधारातून घराकडे चालू लागतो, आणि आता ध्रुपदही त्याला एकट्यालाच म्हणावे लागते. कडवेही तोच आणि झीलकरीही तोच. गाण्याने माणसावर जो परिणाम होतो तो मंडपात सुरू होतो, पण पुरा होतो या वाटेवर. समूहाने शिकवलेले शब्द एकट्याच्या तोंडी आले की त्या शब्दांची जबाबदारीही एकट्याची होते.

वामनदादांचे आयुष्य हाच या गोष्टीचा पुरावा आहे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्मलेला हा मुलगा शाळेत गेला नाही. मुंबईत गिरणीत राबताना, समता सैनिक दलात वावरताना त्याने अक्षरे ओळखायला घेतली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत तो साक्षर झाला. ज्या शहराने त्याला मजूर म्हणून घेतले, त्या शहराच्या भिंतींनाच त्याने पाटी-पुस्तक केले. १९४३ साली त्याने पहिले गाणे केले, ते एका हिंदी सिनेगीतावरचे विडंबन. येथे कलावादी मंडळी नाक मुरडतात. चाल उसनी, म्हणजे कला उसनी, असा त्यांचा हिशेब. पण ज्याच्याकडे वाद्यवृंद नाही, गुरू नाही, त्याने कानावर पडलेली चाल उचलावी आणि तिच्यात आपला अर्थ बसवावा, यात हिणवण्यासारखे काय आहे? आपल्या लोकांनी सोडून दिलेल्या जागेवर झोपडी बांधली. चालीचेही तसेच केले. पुढे ८१ वर्षांच्या आयुष्यात, १५ मे २००४ रोजी ते गेले तोवर, या माणसाने हजारो गाणी लिहिली. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह १९७३ सालचा. ते नावच त्यांच्या जगण्याचे वर्णन आहे.

त्यांची अनेक गाणी माझ्या आवडीची आहेत. वादळात तेवणाऱ्या दिव्यांचे गाणे आहे, टाटा-बिर्लांना आमचा वाटा कोठे म्हणून विचारणारे गाणे आहे. पण सर्वांत आवडते गाणे ते, ज्यात ते बाबासाहेबांनाच उद्देशून सांगतात की तुमच्या मताची पाच माणसे जरी असती तरी चित्र निराळे झाले असते. वाचकांना गाणे ओळखू आले असेल. प्रत्येक जयंतीला ते लागते. जे गाणे इतके ऐकले जाते, ते नीट ऐकले जात नाही. म्हणून त्याची उकल करणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट त्याच्या क्रियापदाची. गाणे संकेतार्थात आहे. 'असे असते तर तसे झाले असते' या वाक्याचा अर्थ 'तसे नाही' असा होतो, हे शाळेतले व्याकरण. प्रत्येक कडवे फिरून त्याच क्रियापदावर येऊन थांबते आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या अंगावर तो नकार पडतो. स्तुतिगीताच्या चालीवर माना डोलवणाऱ्या श्रोत्याला हे गाणे वस्तुतः आरोपपत्र ऐकवीत असते.

दुसरी गोष्ट 'मत' या शब्दाची. मराठीत मत म्हणजे विचार आणि मत म्हणजे निवडणुकीतले मतही. लाखोंनी मत दिले, पण मताचे किती झाले? रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत गटागटांत फुटला. ती फाटाफूट डोळ्यांनी पाहिलेल्या श्रोत्याला हा श्लेष वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. शिवाय एखाद्याच्या मताचे असणे आणि एखाद्याचे भक्त असणे यांत अंतर आहे. भक्ताला स्वतःचे मत लागत नाही. मताचा माणूस व्हायचे तर आधी स्वतः विचार करून त्या मतापर्यंत पोचावे लागते. स्वतःच स्वतःचा प्रकाश होण्याचा बुद्धाचा उपदेश वामनदादा येथे तत्त्वज्ञानाचा एकही बोजड शब्द न वापरता सांगतात.

तिसरी गोष्ट संख्येची. पाचच का? लाख का नाहीत? मराठी गावात पाच या आकड्याला वजन आहे. गावचा न्याय पाच जण करीत आणि त्यांच्या मुखी परमेश्वर बोलतो असे गाव मानी. त्या पाचांत आपला माणूस कधी नव्हता. त्या पाचांनीच आपल्याला वेशीबाहेर ठेवले. वामनदादांच्या मनात हे होते की नव्हते, हा वाद मी घालणार नाही; शब्दाला समाजात जो अर्थ असतो तो कवीच्या इच्छेवर थांबत नाही. गावच्या पाचांच्या समोर हे गाणे दुसरे पाच मागते. आणि पाच ही संख्या इतकी लहान आहे की ऐकणाऱ्याला तिच्यात लपता येत नाही. लाखांच्या मोर्चात मी नसलो तरी चालते. पाचांत मात्र जागा रिकामी राहिली तर ती दिसते. त्यामुळे हे गाणे ऐकणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडावा असे त्याने योजले आहे : त्या पाचांतला एक मी आहे काय?

चौथी गोष्ट वाणी आणि करणी यांची. बाबासाहेबांचे नाव आमच्या बोलण्यात आहे, वागण्यात नाही, हा या गाण्याचा खरा घाव आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकल्यासवरल्या लोकांनी आपली निराशा केल्याची वेदना बोलून दाखवली होती. ही वेदना आणि हे गाणे एकाच कुळीचे आहे. गाणाराही त्यातून सुटत नाही. शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची जुनी रीत वामनदादांनी पाळली, आणि अशा गाण्यात ती नाममुद्रा म्हणजे सही राहत नाही. कवी हात वर करून आरोपींच्या रांगेत स्वतः उभा राहतो.

या गाण्याने प्रत्यक्ष काय केले, याची एक साक्ष मी माझ्यापुरती देऊ शकतो. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील मार्केट यार्डात हमाल, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. बी. ए. झालो तेव्हा आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने मला आपल्या कार्यालयात बसवण्याची तयारी दाखवली. काम सोपे होते. त्यांची भाषणे लिहायची, भाषणांत बाबासाहेबांची वाक्ये पेरायची, महिन्याला पगार घ्यायचा. घरची परिस्थिती अशी होती की नाही म्हणणे हा उद्दामपणाच वाटला असता. वडिलांनी मला काही सांगितले नाही, अडवलेही नाही. त्या आठवड्यात हे गाणे माझ्या डोक्यातून जात नव्हते, कारण वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर ते मी लहानपणापासून ऐकलेले होते. वाणी विकायची नोकरी समोर होती आणि वाणी-करणीचा हिशेब मागणारे गाणे कानात होते. मी नाही म्हटले, एम. ए. ला शहरात गेलो, एका दुकानात रात्रीचे हिशेब लिहून राहण्या-खाण्याचा खर्च भागवला. आज तासिका तत्त्वावर शिकवतो. वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षाची खात्री नसते. गाण्याने माझी गरिबी हटवली, असा दावा मी करीत नाही. मी कोणाच्या सावलीत बसणार नाही, हे मात्र ठरवून दिले. आमच्या पिढीच्या कित्येकांजवळ अशी साक्ष असेल. ती समीक्षेने पुरावा म्हणून नोंदवली पाहिजे, कारण साहित्याचे मूल्य ठरवताना त्याने माणसाच्या जगण्यात काय बदलले हेही पाहावे लागते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला जुनाच आहे : हा प्रचार आहे, कला नव्हे. वरची उकल ज्याने वाचली त्याला या आक्षेपाचे उत्तर मिळाले असेल. प्रचार माणसाला तयार उत्तर देतो. हे गाणे प्रश्न हातात ठेवून निघून जाते आणि उत्तर ज्याचे त्याला शोधावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांचा आहे. स्वतःच्या वाटेने निघा म्हणता म्हणता आपण एक स्वतःपुरता वर्ग निर्माण केला. शिकला, नोकरीला लागला, कॉलनीत गेला, आडनाव बदलले आणि वस्तीकडे पाठ फिरवली. 'दलित ब्राह्मण' हा कडवट शब्द आपल्या चर्चांत उगाच आला नाही. मग निघण्याचे गाणे हे पळण्याचे गाणे होत नाही काय? हा धोका खरा आहे. परंतु वामनदादांनी 'एक' म्हटले नाही, 'पाच' म्हटले, याचा अर्थ मी येथे लावतो. पाचांतला एक होण्यासाठी एकट्याने निघावे लागते हे खरे. पण उरलेले चार शोधल्याशिवाय ते निघणे पुरे होत नाही. जो निघाला आणि चौघांना विसरला, त्याने गाण्याचा पूर्वार्धच ऐकला. वादळातल्या दिव्यांच्या गाण्यातही दिवे अनेकवचनी आहेत. प्रत्येकाची वात वेगळी जळते आणि वादळ सर्वांना एकच असते.

या पाचांत बाई आहे काय, हा प्रश्न मला माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारला. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. मी फळ्यावर गाणे लिहून समजावीत होतो, तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "सर, हे पाच लोक म्हणजे पाच गडीच धरायचे का?" वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जलशातल्या स्त्रीभूमिकाही पुरुष करीत. मंडपात बाया ऐकायला होत्या, गायला नव्हत्या. तरीही बाईने निघायचे थांबवले नाही. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या हकिकती पुढे आणल्या, तेव्हा कळले की सभेला जाण्यासाठी उंबरा ओलांडणे हेच कित्येकींचे पहिले बंड होते. आणि बाईला तिचे गाणे मंडपात मिळाले नाही तरी जात्यावर मिळाले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत भीमरावांवरच्या ओव्या आहेत, आणि त्या गाणारीने कोणा शाहिराची परवानगी मागितलेली नाही. बाबासाहेब तिच्या ओवीत भाऊ होऊन येतात, पाहुणे होऊन येतात. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, एका हाताने खुंटा फिरवीत आणि दुसऱ्या हाताने दाणे टाकीत तिने आपले मत बनवले. ही आपल्या साहित्यातली एकटीच्या निर्धाराची सर्वांत जुनी जागा असावी. ती विद्यार्थिनी सध्या आपल्या आजीच्या ओव्या वहीत उतरवून घेते आहे. माझ्या मते तिने प्रश्नाचे उत्तर स्वतःच द्यायला घेतले आहे.

आज या गाण्याची स्थिती काय आहे? १४ एप्रिलला भिंतीएवढे ध्वनिक्षेपक लावून ते वाजते. तरुण नाचतात. या नाचाला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. ज्या रस्त्याने आजोबा मान खाली घालून गेले, त्या रस्त्यावर नातू मान वर करून नाचतो, हाही इतिहासच आहे. पण ठोक्याखाली शब्द बुडतात तेव्हा आरोपपत्र आरती होते. जे गाणे माणसाला जागेवरून उठवण्यासाठी लिहिले, ते त्याला वर्षातून एकदा नाचवून पुन्हा जागेवर बसवू लागले, तर ती वामनदादांची हार नव्हे, आपली आहे.

म्हणून काही गोष्टी तातडीने केल्या पाहिजेत. आपल्या गीतकारांची गाणी शुद्ध पाठांसह छापली पाहिजेत; एकाच गाण्याची चार गावांत चार रूपे गायली जातात, ती चारही नोंदवली पाहिजेत. मराठीच्या वर्गात हे गाणे कवितेइतक्याच गांभीर्याने शिकवले पाहिजे, व्याकरणासह आणि इतिहासासह. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या थोरांना विचारावे की कोणते गाणे ऐकून तुम्ही काय सोडले, कोठे गेलात, आणि ते उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. ती माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर गाण्याचा खरा इतिहास जातो आहे.

आणि आपण, जे शिकलो, शिकवतो, लिहितो, त्यांनी स्वतःची मोजणी टाळू नये. आग्र्यात बाबासाहेबांनी ज्यांच्याविषयी तक्रार केली ते आपणच आहोत. येत्या जयंतीला हे गाणे लागेल तेव्हा आवाज थोडा कमी करायला सांगावे, शब्द शेवटपर्यंत ऐकावेत, आणि ऐकून झाल्यावर आपापल्या कामाला निघावे. जाताना उरलेल्या चौघांना हाक मारायला विसरू नये.